मुदत संपलेले डोमेन परत मिळवताना गेलेले ८३ दिवस

आमच्या आईचा ठाण्याच्या नौपाड्यात घरगुती मसाल्यांचा आणि भाजणीचा छोटा व्यवसाय आहे. २०१३ साली ओळखीतल्या, डोंबिवलीच्या एका मुलाने तिची वेबसाइट करून दिली आणि तेव्हापासून तो पत्ता तिच्या प्रत्येक पिशवीवर छापला जातो. १२ फेब्रुवारी २०२४ रोजी त्या पत्त्याची, म्हणजे डोमेनची, मुदत संपली आणि आम्हाला ते तीन आठवड्यांनी कळले. पुढे ते परत मिळेपर्यंत मे महिना उजाडला. या काळात मी जे शिकले ते सुरुवातीलाच माहीत असते, तर बारा-तेराशे रुपयांत भागणाऱ्या कामासाठी वीस हजारांहून अधिक खर्च झाला नसता. म्हणून हे सगळे तारखांसह लिहून ठेवत आहे.

चूक आमचीच होती, हे आधी मान्य करते. २०२१च्या फेब्रुवारीत भावाच्या क्रेडिट कार्डावरून एकदम तीन वर्षांचे पैसे भरले होते आणि पुढच्या वेळी ते आपोआप कापले जातील असे आम्ही गृहीत धरले होते. मधल्या काळात, १ ऑक्टोबर २०२१पासून, कार्डावरून ठराविक मुदतीने आपोआप होणाऱ्या वजावटीसाठी रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले होते. नव्या पद्धतीने मंजुरी नोंदवलेली नसेल तर बँक असा व्यवहार नाकारते, आणि आमचा रजिस्ट्रार, म्हणजे डोमेनची नोंदणी करून देणारी कंपनी, परदेशी असल्याने तशी मंजुरी कधी मागितलीच गेली नव्हती. व्यवहार नाकारल्याचा बँकेचा संदेश भावाला आला होता. तो कशाचा आहे हे न कळल्याने त्याने सोडून दिला. मी स्वतः राम मारुती रोडवरील एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात काम करते आणि दिवसभर इतरांच्या मुदती सांभाळते, त्यामुळे माझी चूक मला जास्तच लागली.

महाशिवरात्र त्या वर्षी ८ मार्चला होती. त्याआधीचे आठ-दहा दिवस उपवासाच्या भाजणीची मागणी जोरात असते, पण त्या वेळी वेबसाइटवरून एकही मागणी आली नाही, याचे आईला नवल वाटत होते. ५ मार्चला घोडबंदर रोडच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला, “अहो काकू, तुमच्या साइटवर कसल्या जाहिराती दिसताहेत? धंदा बंद केलात की काय?” मी मोबाइलवर पाहिले तर भाजणीच्या जागी कर्जाच्या जाहिराती होत्या आणि वर ‘या डोमेनची मुदत संपली आहे’ अशी इंग्रजी पट्टी होती.

इथे थोडी माहिती देणे भाग आहे. डॉट कॉम नावांची मूळ नोंदवही व्हेरिसाइन ही अमेरिकी कंपनी सांभाळते, आपण ज्यांना पैसे देतो ते रजिस्ट्रार हे तिचे विक्रेते, आणि या सर्वांचे नियम ‘आयकॅन’ ही संस्था ठरवते. आयकॅनच्या २०१३पासून लागू असलेल्या धोरणानुसार रजिस्ट्रारने मुदत संपण्यापूर्वी साधारण एक महिना आणि एक आठवडा अशा दोन सूचना, आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत तिसरी सूचना पाठवलीच पाहिजे. पुढे रजिस्ट्रार जास्तीत जास्त ४५ दिवस नाव स्वतःकडे ठेवू शकतो. त्यानंतर ते रद्द झाले, तर ३० दिवसांचा ‘रिडेम्पशन’ काळ सुरू होतो, ज्यात जुन्या मालकाला दंड भरून ते सोडवता येते. त्यानंतर पाच दिवस ‘पेंडिंग डिलीट’, ज्यात कोणालाच काही करता येत नाही, आणि मग नाव सर्वांसाठी खुले होते. कागदावर हे उदार वाटते. ५ मार्च हा आमचा बाविसावा दिवस होता, म्हणून मीही निर्धास्त होते.

अडचण लॉगिनपाशी सुरू झाली. खाते ज्या ईमेलवर होते तो ईमेल त्याच डोमेनवरचा होता. डोमेन बंद, म्हणून ईमेल बंद, म्हणून पासवर्ड बदलण्याचा दुवा येणार कुठे? पहिल्या दोन सूचनाही त्याच पेटीत आल्या होत्या. आईच्या जुन्या फोनवर त्यांच्या प्रती नंतर सापडल्या, १३ जानेवारीची आणि ५ फेब्रुवारीची, आजूबाजूला शंभरएक जाहिरातींचा ढीग. तिसरी आली की नाही हे कळायला मार्गच नव्हता. दुसरा पर्याय मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीचा, पण क्रमांक त्या डोंबिवलीच्या मुलाचा होता. तो चार वर्षांपूर्वी जर्मनीला गेला आणि ते सिमकार्ड कधीच बंद झाले. ज्यांची वेबसाइट दुसऱ्या कोणी करून दिली असेल त्यांनी हे वाचणे थांबवून आधी दोन गोष्टी तपासाव्यात: खाते कोणाच्या नावावर आहे, आणि त्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा तर नाही ना.

रजिस्ट्रारच्या मदतकक्षाशी ६ मार्चला चॅटवर बोलणे झाले. ओळख पटवण्याचा अर्ज भरा, तपासणीला काही दिवस लागतील, असे उत्तर मिळाले. मी आईचे पॅन कार्ड, अन्नपरवाना आणि दोन जुन्या पावत्या जोडल्या. १२ मार्चला अर्ज फेटाळला गेला, कारण नोंदीत मालक म्हणून आईचे नाव नसून त्या मुलाच्या तेव्हाच्या फर्मचे नाव होते. मग त्याच्या वडिलांना डोंबिवलीला फोन केला, त्यांनी त्याचा नवा क्रमांक दिला, आणि तो बिचारा रात्री उशिरापर्यंत जागून माझ्याशी बोलत राहिला. त्याने पासपोर्टची प्रतही पाठवली. पण रजिस्ट्रारला हवा होता फर्मचा नोंदणीचा कागद, आणि ती फर्म म्हणजे एका व्हिजिटिंग कार्डापलीकडे काही नव्हतीच. गुमास्ता परवाना काढायच्या आतच त्याने ती गुंडाळली होती.

दरम्यान ९ मार्चला, सव्विसाव्या दिवशी, मला आणखी एक गोष्ट दिसली. आमचे नाव एका लिलावाच्या संकेतस्थळावर विक्रीला लागले होते. हे संकेतस्थळ रजिस्ट्रारच्या सहयोगी कंपनीचे होते. मदतकक्षाला विचारले, “नाव अजून आमच्याच मुदतीत आहे ना, मग विक्रीला कसे?” उत्तर आले की नोंदणीच्या करारात तशी तरतूद आहे, जुन्या मालकाने वेळेत नूतनीकरण केले तर लिलाव रद्द होतो, आणि “आपणही लिलावात भाग घेऊ शकता.” ते वाक्य मी आईला मराठीत सांगितले तेव्हा ती भाजणीचे पीठ चाळत होती. चाळणी तशीच हातात धरून म्हणाली, “म्हणजे आपलीच वस्तू आपण बोली लावून घ्यायची?”

करारात ती तरतूद खरोखर होती, मी नंतर शोधून वाचली. बहुतेक मोठ्या रजिस्ट्रारांच्या करारात ती असते. यात कायद्याचा भंग नाही, पण माझा आक्षेप इथेच आहे. मुदत संपत आल्याची आठवण करून देण्याचे कर्तव्य ज्याचे, त्यालाच ग्राहक विसरला तर जास्त पैसे मिळतात. नूतनीकरणात त्याला काही डॉलर सुटतात. लिलावात शेकडो सुटू शकतात. नाव लिलावात विकले गेले तर ते रद्द न होता थेट नव्या मालकाच्या खात्यात जाते, आणि मग जुन्या मालकासाठी ठेवलेला तो ३० दिवसांचा रिडेम्पशन काळ सुरूच होत नाही. नियमात लिहिलेली सवलत अशी न मोडताच वगळता येते.

मी बोली लावली. ११० डॉलरपर्यंत गेले आणि थांबले, कारण ओळखीचा अर्ज मंजूर होईल ही आशा अजून होती. १९ मार्चला लिलाव १७६ डॉलरवर बंद झाला. कोणाला हवे असेल नौपाड्यातल्या भाजणीचे नाव, हा प्रश्न मला तेव्हा पडला होता. उत्तर असे की कोणालाच भाजणी नको असते. नावाला अकरा वर्षे झालेली, दोन वृत्तपत्रांच्या आणि बऱ्याच पाककृतींच्या पानांवरून त्याच्याकडे दुवे दिलेले. अशा जुन्या नावाला शोधयंत्रांत थोडी पत असते आणि ती पत जुगाराच्या किंवा जाहिरातींच्या पानांसाठी वापरता येते. आईने अकरा वर्षांत मिळवलेला विश्वास असा वेगळा काढून विकता येतो, हे मला नवीन होते.

त्या आठवड्यात कोर्ट नाक्यावरील एका वकिलांकडे गेले. सल्ल्याचे हजार रुपये घेतले, पण स्पष्ट बोलले. त्यांनी सांगितले की डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवेच्या प्रकरणात २००४ सालीच मान्य केले आहे. डॉट कॉमसाठी ‘यूडीआरपी’ ही तंटा मिटवण्याची पद्धतही आहे, मात्र ‘वायपो’ या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका निवाडाकारासमोर तक्रार करायचे शुल्कच १,५०० डॉलर, आणि समोरच्याने नाव वाईट हेतूने घेऊन वापरले हे आपण सिद्ध करायचे. “अजून कोणी काही केलेलेच नाही, तक्रार कोणाविरुद्ध करणार?” असे त्यांनी विचारले. व्यापारचिन्ह नोंदवले आहे का, या त्यांच्या दुसऱ्या प्रश्नालाही माझ्याकडे उत्तर नव्हते.

२८ मार्चला नोंदवहीत नावापुढे ‘रिडेम्पशन पीरियड’ असा शेरा दिसला. म्हणजे लिलाव जिंकणाऱ्याकडे नाव गेले नव्हते. त्याने पैसे भरले नसावेत, असा माझा अंदाज. कारण कोणीच सांगितले नाही. आता दंड भरून सोडवायची संधी होती, नूतनीकरण आणि करासह तो आकडा नऊ हजारांच्या आसपास जात होता आणि मी तो आनंदाने भरला असता. पण पैसे भरायलाही खात्यात शिरावे लागते, आणि खाते त्या नसलेल्या फर्मचे. एप्रिल उजाडला तरी मी तीन अर्ज, दोन प्रतिज्ञापत्रे आणि अगणित चॅट यांतच अडकले होते. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कथा. गुढीपाडव्याच्या दिवशी, ९ एप्रिलला, शेवटचा नकार आला.

या महिन्यात घरी काय चालले होते तेही सांगते. वर्षभराचा मसाला करून ठेवायचे हे दिवस असतात, आईची निम्मी विक्री एप्रिल-मेमध्येच होते. वागळे इस्टेटमधून छापून आणलेल्या सहा हजार पिशव्या माळ्यावर पडून होत्या आणि प्रत्येकीवर तो बंद पत्ता. आईने फोन क्रमांकाचे स्टिकर छापून घेतले, १,४०० रुपयांचे. रोज दुपारी कांडप गिरणीतून आल्यावर ती खाली बसून एकेक स्टिकर पत्त्यावर चिकटवायची, अंगठ्याने मधून बाहेर घासत, म्हणजे हवा राहू नये. मिरचीने तिची बोटे लाल झालेली असायची आणि पांढऱ्या स्टिकरवर कडेला एक पुसट ठसा उमटायचा. तिने मला एकदाही बोल लावला नाही. त्यापेक्षा लावला असता तर बरे वाटले असते.

नाव आता शेवटच्या टप्प्यात जाणार हे कळल्यावर मी ‘बॅकऑर्डर’बद्दल, म्हणजे नाव मुक्त होताच ते आपल्यासाठी पकडायला आधीच सांगून ठेवण्याबद्दल, वाचू लागले. पाच दिवसांच्या पेंडिंग डिलीटनंतर नाव नोंदवहीतून पुसले जाते आणि त्याच क्षणी ज्याची मागणी प्रथम पोहोचेल त्याला ते मिळते. हे तत्त्व ऐकायला स्वच्छ आहे. प्रत्यक्षात मात्र ती सकाळची तत्काळ तिकिटांची खिडकी आहे, फक्त सेकंदाच्या हजाराव्या भागात उघडणारी आणि बंद होणारी. नोंदवही प्रत्येक रजिस्ट्रारला आपल्या संगणकाशी सारख्याच जोडण्या देते, म्हणून सर्व रजिस्ट्रार समान. यावर उपाय म्हणून नावे पकडण्याचा धंदा करणाऱ्या कंपन्यांनी स्वतःच्याच शेकडो रजिस्ट्रार कंपन्या काढल्या आहेत. प्रत्येकीसाठी आयकॅनला वर्षाला ४,००० डॉलर ठरलेले शुल्क भरतात आणि तितक्या पट जोडण्या मिळवतात. सिडकोच्या सोडतीत एकाने दोन अर्ज भरले तर ते बाद होतात. इथे हजार नावांनी रांगेत उभे राहणे हाच व्यवसाय आहे आणि नियमांना तो मान्य आहे.

याला काही पर्याय निघालाच नाही असे नाही. व्हेरिसाइनने फार पूर्वी प्रत्येक नावासाठी एकच प्रतीक्षायादी ठेवायची योजना मांडली होती. आयकॅनच्या संचालक मंडळाने २००२ मध्ये तिला अटींसह मान्यता दिली, पण रजिस्ट्रार विरोधात न्यायालयात गेले आणि ती कधी सुरू झाली नाही. मला आधी ती न्याय्य वाटली. मग लक्षात आले की त्या यादीतली जागाही विकतच घ्यायची होती, आणि ती दुसऱ्याने माझ्याआधी घेतली असती तर मला लिलावाचीही संधी उरली नसती. दुसरा एक गैरप्रकार मात्र नियमाने खरोखर आवरला. पूर्वी नोंदवलेले नाव पाच दिवसांत परत केल्यास पूर्ण पैसे परत मिळत, म्हणून लोक लाखो नावे घेऊन, चाखून, म्हणजे जाहिरातींतून किती मिळते ते पाहून, परत करीत. २००९च्या सुमारास परताव्यावर मर्यादा आली आणि हा प्रकार ९९ टक्क्यांहून अधिक घटला. मनात आणले तर नियम बदलता येतात, एवढे त्यावरून दिसते.

एकट्याने हाताने नाव पकडणे अशक्य असते, म्हणून मी २० एप्रिलला दोन वेगवेगळ्या सेवांकडे मागणी नोंदवली. दोन्हीकडे नाव मिळाले तरच पैसे द्यायचे होते, किमान ६९ डॉलर. एक छोटी गोष्ट आधी करून ठेवा: बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर चालू करून मर्यादा वाढवा. माझे कार्ड पहिल्या तपासणीत त्यामुळेच नाकारले गेले होते.

डॉट कॉमची मुक्त होणारी नावे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील दुपारी दोनच्या सुमारास पुसायला सुरुवात होते, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेअकरा. २ मे, गुरुवार. आई साडेनऊला झोपणारी बाई, पण त्या रात्री ती माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. पाहण्यासारखे काहीच नव्हते. मी नोंदवहीचे पान पुन्हा पुन्हा उघडत होते आणि शेरा तोच होता. ११ वाजून ५२ मिनिटांनी तो बदलला. नोंदणीची तारीख आजची, आणि रजिस्ट्रार म्हणून कधी न ऐकलेले एक नाव. आईने विचारले, “आपल्याला मिळालं का?” मला सांगता येईना. दहा मिनिटांनी ईमेल आला की आमच्या दोन सेवांपैकी एकीने नाव पकडले आहे, परंतु त्यासाठी चौघांची मागणी असल्याने त्या चौघांपुरता तीन दिवसांचा लिलाव होईल.

ते तीन दिवस सर्वांत वाईट गेले. समोरचे बोली लावणारे म्हणजे नुसती टोपणनावे. मी वाढवले की काही मिनिटांत कोणीतरी पाच डॉलर वाढवायचे. हा खरा माणूस आहे की किंमत चढवण्यासाठी बसवलेला, अशी शंका येऊन मी शोधले, तेव्हा कळले की ही शंका निराधार नाही: स्नॅपनेम्स या लिलाव करणाऱ्या कंपनीने २००९ मध्ये स्वतःच जाहीर केले होते की तिचा एक अधिकारी २००५पासून खोट्या नावाने तिच्याच लिलावांत बोली लावत होता, आणि ज्यांना त्यामुळे जास्त पैसे द्यावे लागले त्यांना फरक व्याजासह परत देऊ केला होता. माझ्या लिलावात तसे काही झाले, असे मी म्हणत नाही, म्हणायला पुरावा नाही. पण बोली लावणारा कोण हे पाहण्याची सोय नसेल, तर प्रामाणिक लिलावही तितकाच संशयास्पद दिसतो. मी एका कागदावर २५० डॉलर ही कमाल रक्कम लिहून तो संगणकाला चिकटवला. हे प्रत्येकाने करावे, कारण शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ वाढत राहते आणि डोके ठिकाणावर राहत नाही. ५ मे, रविवारी रात्री, २३१ डॉलरवर नाव आमचे झाले. परकीय चलनाचा अधिभार आणि त्यावरील कर धरून कार्डावर २०,०८५ रुपये लागले.

नव्याने नोंदलेले नाव ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. ती मुदत १ जुलैला संपली आणि त्याच आठवड्यात मी ते रुपयांत पैसे घेणाऱ्या व जीएसटीची पावती देणाऱ्या भारतीय रजिस्ट्रारकडे आणले. बदली करताना एक वर्ष वाढून मिळते, त्यात आणखी तीन वर्षांचे पैसे भरले. आता मुदत २ मे २०२९पर्यंत आहे. कमाल दहा वर्षे भरता येतात, पण इतके पैसे एकदम गुंतवणे आईला पटले नाही. मालक म्हणून आईचे पूर्ण नाव, संपर्कासाठी माझा वेगळा ईमेल, मोबाइल भावाचा. मेअखेरीस मसाले-पिठे ज्यात येतात त्या ३०व्या वर्गात व्यापारचिन्हाचा अर्जही ऑनलाइन भरला, छोट्या व्यावसायिकाला त्याचे शुल्क ४,५०० रुपये आहे. नावाची जन्मतारीख मात्र आता २०२४ अशी दिसते. २०१३ कायमचे पुसले गेले.

राहता राहिले स्टिकर. अकराशे पिशव्यांवर ते लावून झाले होते. आईने एक काढून पाहिला, तर त्याच्याबरोबर खालची छपाईही निघून आली. म्हणून त्या पिशव्या तशाच वापरल्या, आणि त्यांतल्या शेवटच्या गणपतीच्या आठवड्यात संपल्या.